क्लच बदललेल्या गाडीविरुद्ध मालकाचीच तक्रार दाखल करून घेणेबाबत

प्रति,
मा. मुख्य तांत्रिक अधिकारी (श्री. डेल्बर्ट रेगिअर),
प्रेअरी कोन ऑटोक्रॉस क्लब,
द्वारा रेगिअर यांचे राहते घर, मागचे दार,
न्यूटन, कॅन्सस.

दिनांक : १६ सप्टेंबर २०१९

अर्जदार : वेंडेल क्रेबिल, गाडी क्र. ४७, स्टॉक वर्ग.

विषय : अर्जदाराने स्वतःच्याच गाडीविरुद्ध केलेली तक्रार दाखल करून घेऊन, क्लच बदलल्यानंतर सदर गाडी स्टॉक वर्गात बसते किंवा नाही याचा लेखी निर्णय २९ तारखेच्या शेवटच्या स्पर्धेपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची ३ सप्टेंबरची तक्रार, जी आपण 'अरे वेंडेल' असा शेरा मारून परत केली.
२) किराणा दुकानात चीजच्या फळीपाशी आपण दिलेले तोंडी उत्तर.
३) क्लबची नियमावली, तक्रारींचे प्रकरण, संपूर्ण.

महोदय,

१. अर्जदार काउंटीच्या रस्ते विभागात नोकरीस असून, खड्ड्यांबाबत नागरिकांचे अर्ज स्वीकारणे व त्यांवर शिक्का मारणे हे त्याचे गेल्या बावीस वर्षांचे काम आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने अर्ज करण्याची पाळी त्याच्यावर प्रथमच आली आहे. या बाजूची खुर्ची बरीच टणक असते, असे त्यास आढळून आले. लिहिण्यात काही अधिकउणे झाल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

२. अर्जदाराच्या नावे चंदेरी रंगाची, दोन आसनांची, उघड्या टपाची एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर पुरुष ज्या काही खरेद्या करतात त्यांपैकी ती एक असून, पत्नी सौ. जोलीन यांचे त्या व्यवहाराबाबतचे मत प्रस्तुत अर्जाच्या कक्षेबाहेर आहे. गाडी आपल्या क्लबच्या स्टॉक वर्गात धावते. म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे. टायर आणि ब्रेकचे पॅड सोडले तर मालकाच्या हौसेला तिच्यात कुठेही जागा नाही. जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर नारिंगी कोन मांडायचे, त्यांतून घड्याळ लावून एकेक गाडी पळवायची, कोन पाडला की दोन सेकंद अंगावर घ्यायचे, आणि आपली पाळी नसेल तेव्हा उन्हात उभे राहून दुसऱ्याने पाडलेले कोन उचलायचे, हा आपला खेळ आपणास समजावून सांगण्याची मुळीच गरज नाही. अर्जाची एक प्रत जोलीन वाचणार आहे, म्हणून लिहिले.

३. सदर गाडी स्पर्धेत दोघे जण आलटून पालटून चालवतात : स्वतः अर्जदार, आणि अर्जदाराच्या मातोश्री श्रीमती अल्विना क्रेबिल, वय वर्षे त्र्याहत्तर, शाळेच्या बसच्या सेवानिवृत्त चालक. सात वर्षांपूर्वी त्या मुलाचा विसरलेला डबा द्यायला मैदानावर आल्या. "मी एकदा बसून बघू का रे?" एवढेच त्या म्हणाल्या. उतरल्या तेव्हा त्यांचा वेळ अर्जदारापेक्षा चार सेकंदांनी कमी होता आणि डबा अद्याप त्यांच्या मांडीवर होता. तेव्हापासून आजतागायत एकाही रविवारी अर्जदारास त्यांना मागे टाकता आलेले नाही. ही बाब अर्जदार तक्रार म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून मांडीत आहे. तिचा उपयोग पुढे आठव्या परिच्छेदात होईल.

४. त्यानंतरच्या सहाही हंगामांत याच स्टॉक वर्गात, महोदय, स्पर्धक म्हणून आपण पहिले आणि आई दुसरी, असाच क्रम राहिला. यंदा, एकच स्पर्धा उरली असताना, आई आपल्यापेक्षा चार गुणांनी पुढे आहे. ऑगस्टमध्ये विचिटाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितले की, पुढच्या वर्षीपासून गाडी चालवायची ती किराणा आणि चर्च एवढीच, आणि तीही उजेडातच. हे तिने घरी भांडी पुसता पुसता सांगितले व लगेच विचारले की, या काचेच्या वाडग्याचे झाकण कुठे गेले. यावरून हा हंगाम तिच्यासाठी कोणत्या प्रकारचा आहे, हे आपल्या लक्षात येईल. तिच्याकडून आपणास ते कधीही कळणार नाही.

५. आता क्लचविषयी. जूनच्या स्पर्धेत क्लच घसरू लागला. पाय दाबला की इंजिनचा आवाज चढे, गाडी मात्र हलायला वेळ लावी, आमच्या विभागातल्या फाइलीसारखी. आईचे निदान असे होते की, "वेंडेल, ही ओरडते फार आणि जाते कमी. तुझ्या हर्मनकाकासारखी." गाडी मेकॅनिक श्री. लायल अन्रू यांच्याकडे नेण्यात आली. तेथे अर्जदारास प्रथमच असे समजले की, शर्यतीसाठीचा हलका क्लच संच चारशे दहा डॉलरला मिळतो आणि कंपनीचा मूळ संच सहाशे चाळीसला. स्टॉक वर्गात राहायचे तर मूळच संच हवा. ही वस्तुस्थिती अर्जदाराने घरी सांगितली असता जोलीनने चमचा खाली ठेवला आणि विचारले, "म्हणजे हळू जायला जास्त पैसे मोजायचे?" अर्जदाराने नियमावलीचे वाक्य वाचून दाखवले. त्याने परिस्थितीत सुधारणा झाली नाही.

लायलने मजुरी धरून साडेबाराशेचा अंदाज दिला होता. तथापि क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि एकदा तो उतरला की या शहरातला कोणताही सज्जन मनुष्य तो तसाच परत चढवू शकत नाही. लायलचा पहिला फोन आला तेव्हा अर्जदार कामावर होता. लायल म्हणाला, "उतरवलाच आहे तर मागचं ऑइल सील बदलून टाकू? अडतीस डॉलरचा प्रश्न आहे. नाहीतर उद्या ते गळलं की पुन्हा सगळं उतरवावं लागेल." हे पटण्यासारखे होते. पुढच्या फोनवर उतरवलाच आहे तर क्लच ढकलणारा सिलिंडर. मग गिअरबॉक्सचे रबर. मग, वाटेत येतोच आहे म्हणून, सायलेन्सरचा गंजलेला सांधा. शेवटी फोन वाजला की शेजारच्या टेबलावरची बाई विचारू लागली, "आता काय उतरवलंय?" अखेर बिल एकवीसशे ऐंशी डॉलरचे झाले. गाडी आज विकायला काढली तर पाच हजार येतील, आणि तेही तिला धुऊन उभी केली तर. लायलविरुद्ध अर्जदाराची काहीही तक्रार नाही. त्याने प्रत्येक वेळी आधी विचारले आणि अर्जदाराने प्रत्येक वेळी हो म्हटले. बदललेला प्रत्येक भाग कंपनीचा, मूळ, आणि सीलबंद डब्यातला होता.

६. हा परिच्छेद जोलीनच्या सूचनेवरून गाळण्यात आला आहे. त्यात भांडी धुण्याच्या यंत्राचा उल्लेख होता.

७. वादाचा मुद्दा एकच : फ्लायव्हील. क्लच ज्या लोखंडी चकतीवर घट्ट बसतो ती ही चकती बदलली नाही, जुनीच ठेवली. परंतु क्लच घसरून घसरून तिच्यावर चट्टे पडले होते, म्हणून लायलने ती लेथवर लावून तोंड तासून सपाट केली. सगळेच मेकॅनिक करतात. कुणी विचारले नसते तर लायलला ते सांगण्याजोगेही वाटले नसते.

विचारले ते आईने, आणि तिला विचारायला लावले ते जुलै आणि ऑगस्टच्या निकालांनी. नवा क्लच बसल्यावर ती पहिल्याच रविवारी आपल्यापेक्षा सव्वा सेकंदाने पुढे गेली. मैदानावर कुणी काही बोलले नाही. आपल्याकडे तोंडावर कुणी बोलतच नाही. फक्त जरा जास्त गोड वागतात. एकाने अर्जदारास विचारले, "क्लच छान लागलाय म्हणे." दुसऱ्याने नुसतेच "छान, छान" म्हणून गाडीखाली वाकून पाहिले, आणि रुमाल पडल्याचे कारण सांगितले. रुमाल त्याच्या हातातच होता. शेवटी चर्चच्या सहभोजनात व्हर्ला जान्झ यांनी बटाट्याचे सॅलड वाढता वाढता आईला म्हटले, "अल्विना, तुझी गाडी हल्ली फारच मनावर घ्यायला लागली आहे." आपल्या मंडळींत याहून कडक शब्द अर्जदाराने आजवर ऐकलेला नाही.

सोमवारी आई लायलकडे गेली.

"लायल, तू आत नेमकं काय काय केलंस?"

लायलने सगळे सांगितले. लायल खोटे बोलत नाही. तीच सगळी अडचण आहे. शेवटी तो म्हणाला की फ्लायव्हील थोडे तासले.

"थोडं म्हणजे किती?"

"कागदाएवढं, मिसेस क्रेबिल."

"कुठला कागद? वहीचा की बायबलचा?"

लायलने विचार करून उत्तर दिले की, वहीचा. आई घरी आली, कोट खुंटीला लावला आणि अर्जदारास म्हणाली, "जे काढलं ते मुळात होतं ना? मग आता ती मूळ नाही. आणि लोखंड काढलं म्हणजे वजन गेलं. वजन गेलं की गाडी पळते. मी कुणाला सांगू की मी पळवते?"

नियमावलीत फ्लायव्हील तासण्याबद्दल होकारही नाही आणि नकारही नाही. कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात 'गरज भासल्यास बदलावे' एवढेच आहे. ज्या पानावर पुढचे असायला हवे होते त्या पानावर काच पुसणाऱ्या दांड्यांची चित्रे आहेत. आईने जाहीर केले आहे की, ही चकती कुणीतरी अधिकाराने डोळ्यांनी पाहून, तोलून, लेखी दिल्याशिवाय ती २९ तारखेला गाडीत बसणार नाही. ती मैदानावर येईल, पण कोन उचलायला. त्यासाठी तिने उन्हाची टोपीही काढून ठेवली आहे.

८. यावर अर्जदाराचा पहिला युक्तिवाद असा की, हीच गाडी त्याच दिवशी, त्याच कोनांमधून अर्जदारानेही चालवली आहे. नव्या क्लचनंतर आईचा वेळ सुधारला. अर्जदाराचा मात्र पाव सेकंदाने बिघडला. फ्लायव्हील हलके झाल्याने गाडीस काही गैरवाजवी लाभ झाला असता, तर तो वाटेत अर्जदारास कुठेतरी लागायला हवा होता. तो लागलेला नाही. अर्जदाराचे जुलै व ऑगस्टचे वेळ सोबत जोडले असून, त्यांच्यावर कुणीही तज्ज्ञ नजर टाकल्यास गाडी पूर्णपणे कारखान्यातली आहे, असेच म्हणेल. आईला हे सांगितले असता ती म्हणाली, "त्याने तू सिद्ध होतोस, गाडी नाही."

प्रतिज्ञापत्राचाही विचार झाला. परंतु आमच्या चर्चच्या मंडळींत शपथ घेत नाहीत. हो म्हणायचे असेल तर हो म्हणतात आणि नाही तर नाही. नोटरी बाई तेवढ्यावरही राजी होत्या. मात्र आई हो किंवा नाही यांपैकी काहीच म्हणायला तयार नाही. ती 'मला माहीत नाही' म्हणते, आणि त्यावर शिक्का बसत नाही.

९. सबब अर्जदार आपणाकडे आला. किराणा दुकानात चीजच्या फळीपाशी आपण म्हणालात, "वेंडेल, मला विचारशील तर त्यात काही नाही. पण मला विचारू नकोस. मी दुसरा आहे." गाडी योग्य ठरवावी तर लोक म्हणतील म्हाताऱ्या बाईची दया आली, आणि अयोग्य ठरवावी तर लोक म्हणतील सातव्यांदा कप हवा होता, असे आपले म्हणणे पडले. शिवाय कुणाची तक्रार आल्याखेरीज गिअरबॉक्स उतरवून तपासणी करण्याचा अधिकार नियमाने आपणास नाही. हेही बरोबरच आहे. तेव्हा आपण दोघे बराच वेळ चीज पाहत उभे होतो.

१०. त्यानंतर अर्जदाराने स्वतःच्या गाडीविरुद्ध कुणी तक्रार करील का याचा शोध सुरू केला. तक्रारीचे पंचवीस डॉलर शुल्क स्वतः भरण्याचीही त्याने तयारी दाखवली, आणि त्यावर वर्गातील बहुतेकांनी त्याच्याकडे तो आजारी असल्यासारखे पाहिले. तिसऱ्या क्रमांकावरचे रॉन जान्झ म्हणाले, "मिसेस क्रेबिलविरुद्ध? अरे, मी त्यांच्या बसमधून शाळेत गेलोय. एकदा बर्फात माझा एक बूट हरवला होता तर त्यांनी बस थांबवून शोधला." पाचव्या क्रमांकाच्या बाईंनीही बसचेच कारण दिले. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, स्टॉक वर्गातील एक सोडून सर्व स्पर्धक लहानपणी आईच्या बसमध्ये बसलेले आहेत, आणि त्यांच्यापैकी काही जणांना आजही तिने आरशातून पाहिले की पाय आत घ्यावेसे वाटतात.

तो एक म्हणजे विचिटाहून नव्याने आलेले श्री. टायसन फूट. त्यांच्यावर अर्जदाराची सर्व भिस्त होती. ते तयारही झाले. परंतु कागदावर सही करण्याआधी, ज्या बाईंविरुद्ध आपण लिहितो त्यांना निदान भेटावे, असे त्यांना सभ्यपणाचे वाटले. ते घरी आले. आईने त्यांना येण्याचे कारण न विचारता बसवले आणि चेरीचा 'पाय', म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, वाढला. दुसरा तुकडा संपता संपता त्यांनी तिला त्यांच्या आईच्या गुडघ्याविषयी सांगितले. जाताना अर्जदारास फाटकापाशी म्हणाले, "माफ करा. मी दुसऱ्या वर्गात जायचा विचार करतोय."

११. अशा रीतीने अर्जदाराविरुद्ध तक्रार करू शकेल असा मनुष्य एकच उरला, आणि तो म्हणजे अर्जदार. त्याने ३ सप्टेंबरला गाडी क्र. ४७ विरुद्ध रीतसर तक्रार केली. नियम असा की, तपासणीसाठी जे खोलावे लागेल त्याच्या मजुरीइतकी अनामत तक्रारदाराने भरायची. गाडी निर्दोष निघाली तर ती अनामत मालकाला मिळते, म्हणजे तो गाडी पुन्हा जोडून घेईल. सदोष निघाली तर अनामत तक्रारदाराला परत आणि खर्च मालकाच्या डोक्यावर. प्रस्तुत प्रकरणी दोन्ही बाबतींत आठशे डॉलर अर्जदाराच्या एका खिशातून निघून दुसऱ्या खिशाकडे जातील आणि वाटेत ते लायल घेईल. क्लबला कसलीही तोशीस नाही.

आपण तक्रार परत केलीत. तक्रारदार आणि प्रतिवादी एकच कसे असतील, असा आपला आक्षेप आहे. सुनावणीत अर्जदारास स्वतःचीच उलटतपासणी घ्यावी लागेल, असेही आपण म्हणालात. अर्जदाराचे नम्र उत्तर असे की, त्याची तयारी आहे. तेवीस वर्षांच्या संसारात त्याने अनेकदा दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि दोन्हींकडून हरलेला आहे. नियमावलीचे संपूर्ण प्रकरण त्याने तपासले. स्वतःविरुद्ध तक्रार करू नये असे कुठेही लिहिलेले नाही. बहुधा लिहिणाऱ्यास ती गरज वाटली नसावी.

लायलला याची कुणकुण लागली आहे. त्याने काल फोन करून विचारले की, "पुन्हा उतरवणारच आहोत तर गिअरच्या रिंगा बघून घेऊ का? दुसरा गिअर जरा खरखरतो." अर्जदाराने फोन ठेवला. फोन ठेवल्याचे त्यास रात्री वाईट वाटले.

नवे मूळ फ्लायव्हील आणून बसवावे, म्हणजे प्रश्नच मिटेल, असे आपणास सुचेल. अर्जदारासही सुचले होते. ते सातशे वीस डॉलरचे असून, अधिक मजुरी, अधिक लायलचे फोन. जोलीनने हे ऐकून सिंकमधली भांडी घासायला घेतली, आणि आवाज असा केला की ते शेजाऱ्यांनाही समजावे. शिवाय आईला तेही मंजूर नाही. "मग जुलै-ऑगस्टचं काय? ते गुण कुठल्या चकतीने मिळाले?" तिला कप हवा आहे. तो किती हवा आहे हे अर्जदारास माहीत आहे, कारण तिने बैठकीतल्या फडताळावरची आजोबांची घड्याळे दोन इंच डावीकडे सरकवून जागा केली होती. आता ती पुन्हा उजवीकडे सरकवली आहेत.

१२. येथपर्यंतचा मजकूर अर्जदाराने शनिवारी लिहून ठेवला होता. काल, रविवारी, चर्चनंतर जेवताना एक नवी बाब पुढे आली, म्हणून अर्ज येथून वेगळ्या दिशेने जातो. परिच्छेद फाडून पुन्हा लिहिण्याचे कष्ट टाळल्याबद्दल क्षमा असावी. आमच्या विभागात नागरिकांनाही अर्जदार तेवढी सवलत देतो.

आई सूप वाढत होती. तिने मान वर न करता विचारले, "वेंडेल, गुण गाडीला मिळतात की माणसाला?"

अर्जदार नियमावली घ्यायला उठला. जोलीन म्हणाली, "जेवून घे आधी." परंतु त्यास बसवले नाही. गुण माणसाला मिळतात. गाडी स्टॉक वर्गातली असली म्हणजे झाले. ती कुणाची असावी याबद्दल नियमावलीला काडीचीही उत्सुकता नाही. जुलै-ऑगस्टचे विचारायचे तर, निकाल लागल्यापासून चौदा दिवसांत हरकत न आल्यास ते कायम होतात, असे त्याच पानावर आहे. ही हरकत घ्यायला सगळ्यांनाच वेळ होता. कुणी घेतली नाही, आणि घेतली नाही म्हणजे ती मनातल्या मनात घेतली असे धरता येत नाही, हे आईलाही, जरा वेळाने, पटले. "ते त्यांचं," ती म्हणाली. "पण पुढचं माझं. पुढचं मला स्वच्छ हवं."

मग जोलीनने, जिला या खेळाची आवड नाही आणि जिने हा अर्ज दोनदा वाचून दोनदा सुस्कारा सोडला आहे, विचारले, "मग दुसऱ्या कुणाची गाडी घ्या की. तुमच्यात देतात ना?"

आपल्यात देतात. प्रतिस्पर्ध्याची गाडी मैदानावर बंद पडली की आपली किल्ली त्याच्या हातावर ठेवायची, ही आपली रीत नियमावलीत कुठेही नाही आणि सगळे ती पाळतात. पाच वर्षांपूर्वी रॉन जान्झचा रेडिएटर फुटला तेव्हा आपणच त्यास आपली गाडी दिली होतीत. तो त्या दिवशी आपल्याच गाडीत आपल्यापेक्षा पुढे गेला, आणि आपण संध्याकाळी त्याला जेवायला नेलेत. इतके आठवडे अर्जदार नियम चाळीत होता. रीत कोणत्या पानावर आहे, हे त्यास सुचले नाही.

अर्जदाराने आईस विचारले की, कुणाची मागायची. स्टॉक वर्गात जिच्याबद्दल मैदानावर कुणी रुमाल पाडून खाली वाकत नाही, अशी गाडी एकच आहे. ती आपली आहे.

"मग तू विचार ना डेल्बर्टला," अर्जदार म्हणाला.

"मी कशी विचारू?" आई म्हणाली. "त्याला हरवायला त्याचीच गाडी मागू? तोंड आहे का मला? तू अर्ज लिहितोयस ना, त्यात लिही."

१३. सबब विषयात नमूद केलेली विनंती अर्जदार मागे घेत असून, त्याऐवजी खालीलप्रमाणे प्रार्थना करीत आहे :

रविवार, २९ सप्टेंबर रोजी आपली गाडी श्रीमती अल्विना क्रेबिल यांना आपल्यासोबत आलटून पालटून चालवण्यास द्यावी. पहिल्यांदा कोण बसणार, याबाबत आईची हरकत नाही. टायर झिजतील त्याचे पैसे अर्जदार देईल. त्या दिवशी आपण जिंकलात तर गाडी एकच असल्याने कुणी काही बोलणार नाही, आणि ती जिंकली तरीही नाही. अर्जदार स्वतः गाडी क्र. ४७ नेहमीप्रमाणे चालवील. तिच्याकडून व त्याच्याकडून कुणालाही धोका नाही.

उत्तर लेखीच हवे असा आग्रह नाही. आपण किल्ली आणून आईच्या दारातल्या खुंटीवर लावलीत तरी ती समजेल. ती दार उघडायला येईल, आपणास आत बोलावील, आणि गाडीचा विषय सोडून सगळ्याविषयी बोलेल. तिला काय वाटते ते तिच्या तोंडून ऐकण्याची वाट आपण पाहू नये. फडताळाकडे पाहावे.

कळावे,

आपला, आणि अद्याप स्वतःच्याच विरुद्ध पक्षात असलेला,

वेंडेल क्रेबिल
गाडी क्र. ४७

सोबत :
नाकारलेली तक्रार, आपल्या शेऱ्यासह.
लायल अन्रू यांचे बिल (फोनचा खर्च धरलेला नाही).
अर्जदाराचे जुलै व ऑगस्टचे वेळ. हे वाचून झाल्यावर जाळून टाकले तरी चालतील.

ता. क. हे पाकीट बंद करण्यापूर्वी आईने एक गोष्ट कळवण्यास सांगितले. गेल्या स्पर्धेत ती दुसऱ्या वळणावर कोन उचलायला उभी असताना आपली गाडी तिच्यासमोरून गेली. तिच्या मते आपला क्लच घसरू लागला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये आवाज आधी जातो आणि गाडी मागून. आपल्या लक्षात आले नसावे, कारण आपण आत बसलेले असता. तसाही तो एक रविवार निघेल, ती सांभाळून घेईल. फक्त २९ तारखेपूर्वी कृपा करून तो बदलू नये.

वें. क्रे.